उन्हाळा बाहेरचा आणि इंजिनातला

एप्रिल लागला की शहादा तालुक्यात गाडीच्या ऑइलच्या गप्पा सुरू होतात. कळसाडीसारख्या गावात आता एकेका घरापुढे तीन-चार इंजिनं उभी असतात: ऊस-पपईच्या कामाचा ट्रॅक्टर, एखादी जुनी बोलेरो, मोटरसायकल, आणि अलीकडे हप्त्यावर घेतलेली छोटी पेट्रोल गाडी. या सगळ्यांत काय ओतायचं हे पुष्कळदा एकाच वस्तूवर ठरतं. ती म्हणजे ट्रॅक्टरसाठी आणलेली ऑइलची २० लिटरची बादली. ती घरातच असते, लिटरमागे स्वस्त पडते, आणि जाड ऑइल उन्हात टिकतं ही समजूत तिच्यासोबतच घरात येते.

ही समजूत मला अर्धी खोडायची आहे. अर्धी अशासाठी, की तिच्यात जुन्या माणसांनी हातानं तपासलेला बराच अनुभव आहे आणि तो फेकून देण्यासारखा नाही. म्हणून हा लेख दोघांच्या तोंडून लिहितो. मामा आणि भाचा ही माणसं मी कल्पिली आहेत. मामा साठीच्या पुढचे, आयुष्य शेतीत आणि स्टिअरिंगवर गेलेलं. भाचा नाशिकला एका सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला. त्यांचे मुद्दे मात्र गॅरेजच्या बाकड्यावर बसणाऱ्या कुणालाही ओळखीचे वाटतील.

मामा: परवा तोरणमाळला जायचंय, सगळं घर घेऊन. या नव्या गाडीत कंपनीनं पाणी भरलंय का काय कळत नाही. पट्टी काढून बोटावर घेतलं तर बोटाला धरतसुद्धा नाही. बाहेर ४४ डिग्री. वर घाट. मी ते काढतो आणि आपल्या बादलीतलं पंधरा डब्ल्यू चाळीस टाकतो.

भाचा: मामा, बादली राहू द्या. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?

मामा: झिरो डब्ल्यू वीस. झिरो! आपल्याकडे बर्फ कुठं पडतो?

भाचा: तुम्ही बर्फाचं बोललात ते बरोबर आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचाच. झिरो डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशांवर होते, पंधरा डब्ल्यूची उणे २० वर. कळसाडीत जानेवारीत पारा १० च्या आसपास उतरतो, त्यामुळे गाडी चालू होण्यासाठी पंधरा डब्ल्यूसुद्धा पुरतं. पण गरमीचा हिशेब डब्ल्यूच्या पुढच्या आकड्यात असतो. तिथं या गाडीला वीस हवंय आणि तुम्ही चाळीस टाकताय.

मामा: मग चांगलंच की. गरमी जास्त, तर आकडा जास्त.

भाचा: गरमी कुठली, मामा? बाहेरची का इंजिनातली?

सगळा घोळ इथंच आहे, म्हणून जरा थांबतो. बाहेर ४४ अंश असले तरी इंजिनातलं ऑइल त्या ४४ मध्ये काम करत नाही. थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा झडपेचा तुकडा इंजिनातल्या पाण्याचं तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग मे महिना असो की जानेवारी. चेंबरमधलं ऑइल त्याच सुमाराला, ९० ते ११० च्या दरम्यान फिरतं. लांब चढावर भरलेल्या गाडीत त्याहून वर जातं. क्रँकच्या बेरिंगमध्ये, जिथं तेलाचा थर केसाहून कितीतरी बारीक असतो, तिथं ते क्षणभर १५० पर्यंत पोचतं. म्हणून ऑइलची ताकद मोजणारी प्रयोगशाळा बाहेरची हवा विचारात घेत नाही. ती १०० अंशांवर ऑइल किती घट्ट राहतं ते बघते आणि १५० अंशांवर जोरानं घासल्यावर किती टिकतं ते बघते. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेनं १९११ मध्ये ऑइलची ही वर्गवारी सुरू केली. आज डब्यावर जे वीस, तीस, चाळीस, पन्नास दिसतात ते तिथलेच.

मामांना एवढ्यानं पटणार नव्हतं, आणि पटूही नये.

मामा: इंजिनात जानेवारी आणि मे सारखाच, असं म्हणतोस. मग उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून गाड्या उभ्या असतात त्या काय हवा खायला? हिवाळ्यात एवढ्या दिसत नाहीत.

भाचा: त्या गरम होतात हे खरं. पण तिथं ऑइल हरलेलं नसतं, रेडिएटर हरलेला असतो. बघा, पाणी ९० वर आहे. हिवाळ्यात बाहेरची हवा १० ची, म्हणजे ८० अंशांचा फरक. मे महिन्यात हवा ४४ ची, फरक उरला ४६. रेडिएटर उष्णता टाकतो ती या फरकावर. म्हणजे उन्हाळ्यात त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कंपनीनं ते धरूनच तो मोठा बनवलेला असतो. पण त्याच्या जाळीत धूळ आणि कापसाचं तूस बसलं असेल, आतून क्षार चढले असतील, तर ती निम्मी ताकदही उरत नाही. अशा गाडीत पन्नास नंबरचं ऑइल टाकलं तरी ती घाटात उकळणारच.

मामा: क्षार कुठून येणार?

भाचा: तुम्ही रेडिएटरमध्ये काय टाकता?

मामा: पाणी.

भाचा: कुठलं?

मामा: बोअरचं. आणखी कुठलं असणार?

तापीच्या काठावरच्या या पट्ट्यात बोअरचं पाणी किती जड असतं ते घरातल्या बाईला विचारा. पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर चढतो तो ती दर महिन्याला खरवडते. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो, आणि तिथं हात घालून खरवडता येत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये नुसत्या पाण्याऐवजी कुलंट घालावं. ते फक्त थंड देशासाठी असतं हा समजही असाच चुकीचा. कुलंटमुळे पाण्याचा उकळबिंदू वाढतो, आतलं ॲल्युमिनियम गंजत नाही, पाण्याच्या पंपाचं सील टिकतं. रेडिएटरचं झाकणही महत्त्वाचं. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून शंभरच्या पुढे गेलं तरी पाणी उकळत नाही. झाकणाचा रबर कडक झाला की दाब सुटतो आणि चढावर वाफ दिसते. झाकण नवं घ्यायला फार पैसे लागत नाहीत. उन्हाळ्यासाठी म्हणून खर्च करायचाच असेल तर पहिला रुपया इथं जावा असं माझं ठाम मत आहे. गाडी गरम झाली की मिस्तरीला "ऑइल जाड टाक" म्हणणं म्हणजे ताप कशानं आला ते न बघता गोधडी बदलणं.

मामा: बरं, पाण्याचं मान्य. कुलंट टाकू. पण म्हणून जाड ऑइलनं तोटा काय? फायदा नसेल तर नसो. प्रेशर तर वाढतं. जुन्या जीपला प्रेशरचा काटा होता. जाड ऑइल टाकलं की काटा वर, पातळ झालं की काटा खाली. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

भाचा: काटा खोटं बोलत नव्हता. पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे, मामा. पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाण्याचा जोर वाढतो, पण पाणी जास्त येतं का? जाड ऑइल बारीक वाटांतून हळू जातं, म्हणून मागे दाब साठतो. दाब एका हद्दीबाहेर गेला की पंपाजवळची झडप उघडते आणि ऑइल तिथूनच परत चेंबरमध्ये पडतं. वरच्या हेडला तहान लागलेली असते आणि तुमचा काटा खुशीत वर असतो.

मामा: वाटा बारीक कशानं?

भाचा: या नव्या इंजिनात ऑइल नुसतं वंगण नाही. व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते मागे-पुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते. टाइमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलवर चालतो. त्या वाटा वीस नंबरच्या ऑइलचा अंदाज घेऊन पाडलेल्या आहेत.

आता आकडे सांगतो. ते साधे आहेत आणि मामांच्या बोटावरच्या परीक्षेला उत्तर देतात. ऑइलची घट्टी सेंटीस्टोकमध्ये मोजतात. नळाच्या पाण्याची घट्टी साधारण १ धरा. झिरो डब्ल्यू वीस ऑइल १०० अंशांवर साधारण ८ ते ९ भरतं, आणि या गाडीचं इंजिन त्यावर खूश असतं. आता तेच ऑइल ४० अंशांवर, म्हणजे मे महिन्यात सावलीत उभ्या असलेल्या गाडीत, ४५ च्या आसपास असतं. म्हणजे भर उन्हाळ्यातसुद्धा गाडी सुरू करताना ऑइल त्याच्या कामाच्या घट्टीपेक्षा पाचपट जाड असतं. मामांच्या बादलीतलं पंधरा डब्ल्यू चाळीस ४० अंशांवर ११० च्या आसपास भरतं. इंजिनाला हव्या असलेल्या ८-९ च्या बारा-तेरापट. गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं हे घट्ट ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत ओढत न्यायचं, आणि इंजिनाची झीज याच मिनिटांत जास्त होते. बोटाला पातळ लागतं ते ऑइल खरं तर गरजेपेक्षा घट्टच असतं. बोट ३५ अंशांचं. इंजिनाचं बेरिंग १५० चं. बोटाला ते कळणार कसं?

मग मामांनी असा मुद्दा काढला की भाचा गप्प झाला.

मामा: मला एक सांग. हे पातळ ऑइल आलं कशासाठी? इंजिन जास्त टिकावं म्हणून आलं का?

भाचा: ...मायलेजसाठी आलं.

मामा: तेच म्हणतो मी. सरकारनं कंपन्यांना मायलेजचा नियम लावला, कंपनीनं ऑइल पातळ केलं. पुण्यात एआरएआयला गाडी रोलरवर पळवतात आणि आकडा काढतात. त्या रोलरवर तोरणमाळचा घाट असतो का? सात माणसं आणि टपावर सामान असतं का?

मामांचं हे बरोबर आहे, आणि गाड्यांच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी ते कधी मोकळेपणानं सांगितलेलं नाही. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी इंधनबचत अमुक असलीच पाहिजे, असा कॅफे नियम भारतात १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि २०२२ मध्ये आणखी कडक झाला. पातळ ऑइलनं इंधन एखाद-दोन टक्के वाचतं. एका गाडीमागे ते थोडं दिसतं, पण लाखो गाड्यांच्या सरासरीत कंपनीला फार मोलाचं ठरतं. काही जपानी गाड्यांच्या आखाती देशांतल्या पुस्तिकांत आजही तीस आणि चाळीस नंबरची, काही वेळा वीस डब्ल्यू पन्नासचीसुद्धा परवानगी असते. तेच इंजिन अमेरिकेत विकताना पुस्तिकेत एकच पातळ नंबर छापलेला असतो. इंजिनाचं पोट एकच, सल्ला देशाप्रमाणे वेगळा. जाड ऑइलचा हट्ट नुसता अडाणीपणाचा आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण यावरून बादली उचलायची मोकळीक मिळत नाही. भाच्यानं ते नीट सांगितलं.

भाचा: मामा, पुस्तकात दुसरा नंबर चालतो असं लिहिलं असेल तर घाटासाठी तो घ्या, मी स्वतः टाकून देतो. काही पुस्तकांत झिरो डब्ल्यू वीससोबत पाच डब्ल्यू तीसही दिलेलं असतं. ते इंजिन बनवणाऱ्यानं तपासलेलं असतं. बादलीतलं ऑइल या इंजिनासाठी कुणी तपासलेलं नाही. आणि गोष्ट नुसत्या जाडीची नाही. बादलीवर सीआय-४ लिहिलंय, ते डिझेलचं. त्यात काजळी सांभाळायचा मसाला जास्त, फॉस्फरस जास्त. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तो फॉस्फरसनं हळूहळू मरतो. पेट्रोलला एसएन, एसपी असलं काही बघायचं. एसपी २०२० मध्ये आलं. अक्षर पुढचं तर ऑइल नवीन पिढीचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मामा: आणि बोलेरोत?

भाचा: बोलेरोत बादलीतलं खुशाल टाका. ती २०११ ची आहे, तिच्या पुस्तकातच पंधरा डब्ल्यू चाळीस लिहिलंय.

नाशिकच्या कारखान्यातून २००० सालापासून बाहेर पडणारी बोलेरो या भागात इतकी रुळली, की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तिला वगळून रस्त्याचा विचारच होत नाही. मामांची सगळी शहाणीव तिच्यावर आणि तिच्याआधीच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर घडली. पुण्यात १९४६ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर धडधडत होती, त्या काळात एकाच नंबरचं ऑइल मिळायचं: तीस किंवा चाळीस. उन्हात ते फार पातळ व्हायचं, थंडीत गोठल्यासारखं व्हायचं. म्हणून उन्हाळ्यात जाड आणि हिवाळ्यात पातळ ही रीत तेव्हा शंभर टक्के बरोबर होती. नंतर आलेल्या मल्टिग्रेड ऑइलमध्ये लांब साखळ्यांचे रेणू मिसळतात. थंडीत ते आखडून बसतात आणि गरमीत पसरून तेलाला धरून ठेवतात. मोसमाप्रमाणे ऑइल बदलायची गरज त्यांनी संपवली. ही रीत मामांच्या हातात होती तोवर तिनं इंजिनं वाचवली. चुकीची ती आता झाली, कारण ऑइलही बदललं आणि इंजिनही.

बोलेरोच्या बाबतीत अजून एक फाटा आहे, तो इथंच सांगतो. गावात कुणाची डिझेल गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल, तर बहुतेक तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी गाळणारी डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी पेटवून जाळी स्वतःला साफ करते, पण ऑइल जळून उरलेली राख पेटत नाही. ती जाळीत कायमची बसते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर सी२, सी३ असं काहीतरी असतं. सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के. ट्रॅक्टरच्या सीआय-४ मध्ये राख एक टक्क्याच्या बरीच पुढे जाते. इथं बादलीचा हात लागला तर ऑइलमध्ये वाचवलेले पैसे जाळी बदलताना कितीतरी पटीनं जातात.

आणि याच गाड्यांत ऑइल वाढण्याची भानगड असते, जी जुन्या ड्रायव्हरला विचित्र वाटते. शेतापर्यंत जायचं, परत यायचं, शहाद्याला दहा मिनिटं, परत बंद. जाळी साफ होण्याचं काम अर्धवट राहतं, त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पट्टी काढली तर ऑइल खुणेच्या वर. माणूस म्हणतो, वा, गाडी ऑइल खात नाही. खरं तर ऑइलमध्ये डिझेल मिसळून ते पातळ झालेलं असतं. उन्हानं होणाऱ्या पातळपणापेक्षा हा फार वाईट. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवावं.

मामा: डब्यावर नंबर एकच असूनही आतलं ऑइल वेगळं असू शकतं का?

भाचा: हो. पाच डब्ल्यू तीसचे दोन डबे घ्या. एकावर सी२, दुसऱ्यावर सी३. नंबर सारखाच. पण १५० अंशांवर घासून मोजलं तर सी२ ला २.९ पुरतं, सी३ ला किमान ३.५ लागतं. तुम्हाला उन्हात टिकणारं ऑइल पाहिजे ना? ते ओळखायची खूण मोठ्या आकड्यात नाही, या बारीक अक्षरांत आहे. ज्या गाडीचं पुस्तक सी३ सांगतं तिला सी२ टाकायचं नाही. ज्या गाडीला दोन्ही चालतात तिच्यात घाट आणि लोड जास्त असेल तर सी३ घ्यायचं.

मामा: हे गॅरेजवाल्यानं कधी सांगितलं नाही.

भाचा: गॅरेजवाल्याला कुणी विचारत नाही. सगळे किंमत विचारतात.

हे वाक्य मला फार खरं वाटतं. डब्याच्या पुढच्या बाजूला इंजिनाचं चित्र, मोठा नंबर आणि सिंथेटिक हा शब्द असतो. कामाची गोष्ट मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात. ती वाचायला दोन मिनिटं लागतात.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच आहे आणि कळसाडीचा परिसर तापीच्या खोऱ्यात, दोनशे मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे भरलेली गाडी साधारण नऊशे मीटर वर चढवायची, तीही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. वेग कमी, म्हणून समोरून वारा कमी. जोर जास्त, म्हणून उष्णता जास्त. ऑइलची खरी कसोटी इथं. या चढाला एसी थोडा वेळ बंद ठेवणं, मध्ये एकदा थांबणं आणि थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवणं, एवढं केलं तर नंबरच्या वादापेक्षा जास्त उपयोग होतो. टर्बो असलेल्या गाडीत तर हे मिनिट सोडूच नये. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याचं बेरिंग इंजिनाच्या ऑइलवर तरंगतं. चढ संपताच चावी फिरवली तर ऑइल थांबतं, तापलेल्या बेरिंगमध्ये उरलेलं जळून कोळसा होतं.

मग विषय ऑइल कधी बदलायचं यावर आला, आणि इथं मामांनी भाच्याला शिकवलं. माझ्या मते या सगळ्या बोलण्यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

भाचा: पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष दिलंय.

मामा: किलोमीटर कशाला मोजता रे तुम्ही? ट्रॅक्टरला आम्ही तास मोजतो. २५० तास झाले की ऑइल काढायचं. ट्रॅक्टर जागेवर उभा राहून पंप चालवतो, किलोमीटर शून्य, पण इंजिन चालतंय ना? तुझी गाडी शहाद्याच्या बाजारात एसी लावून अर्धा तास उभी. काटा हलला नाही. ऑइल तापलं का नाही?

भाचा: तापलं. आणि वारा नाही म्हणून जास्तच तापलं.

मामा: मग तास मोज.

हा हिशेब करून बघा. महामार्गावर ताशी ४० ची सरासरी धरली तर १०,००० किलोमीटर म्हणजे २५० तास. गावात, बाजारात, खडबडीत रस्त्यावर सरासरी २० वर येते. तेव्हा तेच २५० तास ५,००० किलोमीटरमध्ये भरतात. ट्रॅक्टरचा आकडा कारला जसाच्या तसा लावता येत नाही, इंजिनं वेगळी आहेत, पण दिशा बरोबर आहे. कंपन्यांच्या पुस्तिकांतही धूळ, सततची गरमी, छोट्या फेऱ्या, जड ओझं असेल तर ऑइल लवकर बदला असं लिहिलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही. आणि कळसाडीत त्या चारही गोष्टी एकदम असतात. उष्णतेत तेल हवेतल्या ऑक्सिजननं खराब होतं, आणि रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. उन्हाला उत्तर द्यायचं ते इथं: नंबर वाढवून नाही, मुदत कमी करून. पातळ पण योग्य ऑइल ५,००० ला बदललं तर इंजिन वर्षानुवर्षं चालतं. जाड ऑइल आहे म्हणून निर्धास्त राहून १५,००० पर्यंत ओढलं तर चेंबरमध्ये डांबर साचतं.

मामा: आणि धूळ? उसाच्या ट्रॉल्या चालू झाल्या की रस्त्यावर पुढचं दिसत नाही.

भाचा: ऑइलचा सगळ्यात मोठा शत्रू तीच. एअर फिल्टर फुटका किंवा नीट न बसलेला असेल तर धुळीतली वाळू आत जाते आणि सिलिंडर, रिंगा घासून काढते. तिथं कुठलंही ऑइल काही करू शकत नाही. कंप्रेसरनं दर आठवड्याला फिल्टर फुंकू नका, कागद फाटतो. बदला.

मामा: फुंकून दहा वर्षं चालवलंय.

भाचा: बोलेरो धूर मारते ते त्यामुळेच.

मामा हसले नाहीत. बोलेरो खरंच थोडा निळसर धूर मारते, महिन्याकाठी अर्धा लिटर ऑइल खाते. अशा झिजलेल्या जुन्या इंजिनात, रिंगांच्या फटी रुंद झाल्यावर, एक पायरी जाड ऑइल टाकणं हा तात्पुरता पण रास्त उपाय आहे. भाच्यानंही ते नाकारलं नाही. फक्त त्यानं एवढं म्हटलं की तो उन्हाळ्याचा उपाय नाही, म्हातारपणाचा आहे. आणि बादलीतलं ऑइल मोटरसायकलमध्ये जाऊ देऊ नका, हेही घाईघाईत सांगितलं: बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडलेला असतो, तिला जासो एमए लिहिलेलं वेगळं ऑइल लागतं.

शेवटी काढलेल्या ऑइलचा प्रश्न उरला.

भाचा: जळकं ऑइल कुठं टाकता?

मामा: टाकत नाही. गोठ्याच्या दांड्यांना लावतो, वाळवी लागत नाही. उरलं तर नाल्यात.

भाचा: नाल्यात नको, मामा. नाल्याचं पाणी आपल्याच विहिरीत मुरतं. जुन्या ऑइलचा आता कायदा आहे, २०२४ च्या एप्रिलपासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरच ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घ्यायची जबाबदारी टाकलीय.

मामा: कंपनी कळसाडीला येणार का, चार लिटर न्यायला?

भाचा: इथं नाही येणार. शहाद्याच्या मोठ्या गॅरेजात ड्रम भरतात, तिथं देऊ. दोन कॅन झाले की मी गाडीत टाकून नेतो.

मामा: ने. पण दांड्यांना मी लावणार. वाळवीचा इलाज तुझ्या पुस्तकात नाही.

भाचा: लावा, पण विहिरीकडच्या नाही. आणि हातमोजे घालून.

मामा: बरं. आता ते पुस्तक दे इकडे. पाच डब्ल्यू तीस चालतं का नाही, ते कुठल्या पानावर आहे?